दगडू, नथू, नकुशा : वेगवेगळ्या इतिहासांची नावे

विचित्र नावांचा विषय निघाला की दगडू, धोंडू, कचरू, उकिरडा, भिकू, नथू आणि नकुशा ही नावे एकाच दमात घेतली जातात. वरवर ती सारखी दिसतात, पण त्यांच्यामागे तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. काही नावे मूल जगावे म्हणून ठेवलेली आहेत, काही वरच्यांनी खालच्यांवर लादलेली आहेत, आणि काही मूल नको होते हे सांगणारी आहेत. महाराष्ट्रात नावबदलाचे नियम आणि मोहिमा आखताना हा फरक फारसा लक्षात घेतला गेला नाही. त्याचा त्रास आजही कागदपत्रांच्या रांगेत दिसतो.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरगुती संस्कारांचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरी, तर मुलीचे विषम अक्षरी आणि आकारान्त असावे, असे सांगितले आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नदी, वृक्ष, नक्षत्र, पक्षी यांची नावे असलेल्या मुलीशी लग्न करू नये, असे आहे. मराठी मुलखाने ते मनावर घेतले नाही. गोदा, कृष्णा, भागीरथी, यमुना, मैना, साळू ही नावे इथल्या घराघरांत होती. म्हणजे ग्रंथातला नियम आणि घरातली रीत यांत अंतर होतेच. नावांचा इतिहास लिहिताना ग्रंथांपेक्षा वंशावळी आणि महसुली कागद जास्त उपयोगी पडतात, त्याचे कारण हेच. जुन्या खातेउताऱ्यांवरचे ‘दगडू वल्द धोंडू’ (धोंडूचा मुलगा दगडू) किंवा ‘ठकू कोम भिवा’ (भिवाची बायको ठकू) असे उल्लेख पाहिले, तर ही नावे किती सर्वसाधारण होती ते समजते.

पहिला प्रकार राखणीचा. लागोपाठ मुले दगावलेल्या घरात पुढच्या बाळाला मुद्दाम कवडीमोलाचे नाव द्यायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्याकडे वळणार नाही, अशी समजूत होती. दगड, केर, कचरा, उकिरडा हे शब्द नावात आले ते असे. बाळाला क्षणभर उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलायचे, किंवा दुसऱ्याच्या पदरात घालून भीक म्हणून मागून घ्यायचे, असे विधीही असत. भिकाजी, भिकू, भिकूबाई ही नावे त्यातली. मुलाचे नाक टोचून त्याला मुलगी भासवायचे, त्यातून नथू आणि नथुराम आले. नवसाला पावलेल्या पिराच्या नावाने पिराजी आणि फकीरा झाले. भोसले घराण्यातील शहाजी आणि शरीफजी ही नावेही अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवल्याचे सांगितले जाते. या सगळ्या नावांत मूल अतिशय हवेसे आहे. नाव ओबडधोबड असले तरी त्यामागे धास्तावलेली माया आहे, आणि म्हणूनच अशी नावे पुढे नातवंडांनाही अभिमानाने दिली गेली.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे ‘जुगुप्सित’, म्हणजे किळस वाटावी असे, असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. गावगाड्यात हे निराळ्या रीतीने चालू राहिले. वरच्या जातीतल्या माणसाला ‘राव’ किंवा ‘पंत’ लागे, तर त्याच नावाच्या दलित माणसाला मोडके, एकेरी रूप मिळे आणि तेच दप्तरात चढे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर हे चित्र झपाट्याने बदलले. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, आम्रपाली ही नावे वस्त्यांमध्ये दिसू लागली. एका पिढीत इतक्या लोकांनी ठरवून नावांची परंपराच बदलावी, याला मराठी समाजात दुसरी तोड सापडत नाही. ही नावे तेव्हा अनोळखी वाटत. आज ती सगळ्याच जातींत आहेत.

तिसरा प्रकार नकुशा, नकुसा, नकोशी. मुलींवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीला हे नाव द्यायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. दगडूच्या नावात मृत्यूला चकवायचे असते. इथे मुलीच्या नावातूनच तिच्याऐवजी दुसरे मूल मागितलेले असते. ‘तशी नावे मुलांनाही असतात’ असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. तो टिकत नाही, कारण दगडूला आपले नाव का पडले ते कळले तर आपण किती हवे होतो हे कळते. नकुशाला नेमके उलटे कळते.

2011 च्या जनगणनेत राज्यातील शून्य ते सहा वयोगटातील मुलींचे घटलेले प्रमाण समोर आले आणि त्याच वर्षी 22 ऑक्टोबरला साताऱ्यात एका जाहीर कार्यक्रमात 285 मुलींना नवी नावे देण्यात आली. नावे मुलींनी आपल्या पसंतीने घेतली, ही त्यातली सर्वांत चांगली बाब. हे जाहीर कार्यक्रमात करण्याच्या निर्णयाबद्दल मात्र दोन मते होऊ शकतात. एका बाजूने पाहिले तर जाहीरपणामुळेच विषय देशभर पोहोचला आणि असे नाव ठेवणे लाजिरवाणे ठरले. दुसऱ्या बाजूने, ज्या मुलींना ते नाव पुसून टाकायचे होते त्यांनाच ते नाव सांगत व्यासपीठावर यावे लागले. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण नाव बदलायला समारंभ लागत नाही, नोंद बदलावी लागते. कार्यक्रमात हाती आलेल्या प्रमाणपत्राने जन्मनोंद, शाळेचे रजिस्टर किंवा शिधापत्रिका आपोआप बदलत नाही. शिवाय मोहीम मुलींसाठी होती. त्याच नावाने लग्न होऊन सासरी गेलेल्या प्रौढ बायका त्यात नव्हत्या. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिण्याच्या रिवाजाने काहींची त्या नावातून घरापुरती सुटका झाली असेल, पण कागदावर त्यांची दोन नावे झाली.

खरी गुंतागुंत ‘दुरुस्ती’ आणि ‘बदल’ या दोन शब्दांत आहे. अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक या घोळामुळे. दुरुस्ती म्हणजे नोंद होताना झालेली चूक सुधारणे. बदल म्हणजे बरोबर नोंदलेले नाव सोडून दुसरे घेणे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 मध्ये दुरुस्तीची तरतूद आहे, आणि तीही समासात. मूळ नोंद खोडली जात नाही, शेजारी सुधारणा लिहून निबंधक सही आणि तारीख टाकतो. ‘नकुसा’चे ‘नकुशा’ करणे या चौकटीत बसते. ‘नकुशा’चे ‘ऐश्वर्या’ बसत नाही.

म्हणून सर्वांत आधी जन्मनोंदीचा उतारा काढून पाहावा. पुष्कळ जुन्या नोंदींत बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो आणि नकुशा हे नाव थेट शाळेत चढलेले असते. तसे असेल तर कलम 14 खाली जन्मनोंदीत नवे नाव प्रथमच घालता येते. पहिल्या 12 महिन्यांत त्याला शुल्क नाही, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते. एकदा नाव घातले की ही वाट बंद होते, त्यामुळे लेखन आणि अक्षरे आधीच पक्की करावीत.

नाव आधीच नोंदलेले असेल तर राजपत्राला, म्हणजे सरकारी गॅझेटला, पर्याय नाही. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये ‘नावात बदल’ या सदरात जाहिरात येते. अर्जात जुने नाव कागदपत्रात जसे आहे तसेच, अक्षर न् अक्षर, लिहावे लागते. शाळेत नकुसा, आधारवर नकुशा आणि शिधापत्रिकेवर नकोशी अशी तीन रूपे असतील तर फक्त एक रूप छापून येते आणि बाकीची दोन कार्यालये ती जाहिरात नाकारतात. तिन्ही रूपे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवले तर ही अडचण बरीच कमी होते. मुलगी शाळेत असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद शाळा सोडण्यापूर्वीच, मुख्याध्यापकांमार्फत, बदलून घ्यावी. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की उघड लेखनदोषापलीकडे बदल मिळवणे अवघड होते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून तिथे राजपत्र हातात आल्याशिवाय जाऊ नये. पॅन, बँक आणि पासपोर्ट त्यानंतर.

2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा मंडळाच्या प्रमाणपत्रांबाबतच्या प्रकरणात नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा भाग मानला आणि दुरुस्ती व बदल यांचे मार्ग वेगळे सांगितले. 1 ऑक्टोबर 2023 पासून सुधारित नोंदणी कायदा लागू झाला. त्या दिवसापासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, पासपोर्ट अशा कामांना जन्मदाखला हाच आधार आहे. त्यामुळे पहिल्या नोंदीतले नाव पूर्वीपेक्षा कितीतरी घट्ट झाले आहे.

त्यात 1 मे 2024 पासून राज्यात जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहिण्याचा नियम आला. आईला तिचे स्थान देणारा हा निर्णय स्वागतार्हच आहे. पण आईचे कागदावरचे नाव नकुशा असेल तर ते आता मुलाच्या नावातच येते आणि रोज हजेरीत पुकारले जाते. अशा स्त्रीने स्वतःचा नावबदल बाळंतपणापूर्वी पूर्ण करून रुग्णालयाच्या नोंदीत नवे नाव दिले, तर काम एकाच राजपत्रात भागते. नंतर केल्यास तिच्या कागदांसोबत प्रत्येक मुलाची जन्मनोंद, शाळेचे रजिस्टर आणि आधार यांसाठी वेगवेगळे अर्ज करावे लागतात.