कंबरदुखीच्या उपचारांचा इतिहास: सापडले थोडे, बाद झाले फार

‘विनाऑपरेशन स्लिप डिस्कवर इलाज’ ही पाटी ठाणे-नवी मुंबईच्या वाचकाला नवी नाही. लेझर, ओझोन, प्लाझ्मा, स्टेम सेल अशी तंत्रे बदलत राहतात, पाटी तीच राहते. असे दावे वाचताना मागचा इतिहास ठाऊक असलेला बरा. कंबरदुखीवरच्या संशोधनातून नवे सापडले त्यापेक्षा जुने बाद झाले ते जास्त आहे, आणि माझ्या मते तेच त्याचे खरे काम आहे.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, त्या सुमारास इंग्लंडमध्ये रेल्वे अपघातांच्या भरपाईचे दावे वाढत होते. अपघातात हाड मोडलेले नाही, जखम नाही, तरी पाठ दुखते अशी अनेकांची तक्रार असे. लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये यावर व्याख्याने प्रसिद्ध केली आणि ‘रेल्वे स्पाइन’ हे दुखणे गाजले. तोवर कंबरदुखी वाताच्या खात्यात जमा होती. आता ती इजा ठरू लागली. इजा म्हटली की विश्रांती आलीच. पुढची शंभर वर्षे ‘पडून राहा’ हा सल्ला कुणी तपासून पाहिला नाही. आपल्याकडे त्यात लाकडी फळीवर झोपण्याची भर पडली.

१९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दोन मणक्यांमधली चकती फाटून नस दाबते, हे शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांवरून दाखवले. शोध अस्सल होता. पण तो पायात कळ जाणाऱ्यांपुरता होता, आणि लागू झाला सरसकट सगळ्या कंबरांना. प्रत्यक्षात बहुतेक कंबरदुखीत बोट ठेवता येईल असे एकच कारण सापडत नाही.

खरी तपासणी सुरू झाली ती रुग्णांची चिठ्ठ्या टाकून गटवारी करण्याची पद्धत आल्यावर. नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी चकतीच्या ज्या रुग्णांत ऑपरेशन करावे की नाही याबद्दल शंका होती, त्यांची अशी विभागणी करून दहा वर्षे पाठपुरावा केला. १९८३ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या वर्षी ऑपरेशनवाले पुढे होते, चौथ्या वर्षापर्यंत फरक विरला होता.

तीन वर्षांनी अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी विश्रांतीलाच हात घातला. २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस, काहींना सात दिवस अंथरुणावर राहायला सांगितले. दोन दिवसवाल्यांची कामावरची गैरहजेरी ४५ टक्क्यांनी कमी भरली, आणि बरे होण्यात ते कुठे मागे पडले नाहीत. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या पालिका कर्मचाऱ्यांवर आणखी एक चाचणी झाली. एका गटाला विश्रांती, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला ‘झेपेल तेवढी रोजची कामे करत राहा’ असे सांगितले. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला. तरीही उसण भरली की घरातले वडीलधारे आजही ‘उठू नकोस’ म्हणतात, आणि काही डॉक्टरही.

मधल्या काळात एमआरआय आला. ठाणे स्टेशनपासून पनवेलपर्यंत कुठल्याही सेंटरचा कमरेचा रिपोर्ट उघडा. ‘एल-फोर एल-फाइव्ह, डिफ्यूज डिस्क बल्ज’, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगली आहे, ही ओळ हमखास दिसते. पेशंट ती बोटाने दाखवतो आणि म्हणतो, ‘गॅप आलाय.’ १९९४ मध्ये अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांच्या फिल्म दुखणाऱ्यांच्या फिल्ममध्ये मिसळून, कोण कोणता हे न सांगता तज्ज्ञांकडे दिल्या. ९८ पैकी ५२ टक्क्यांत निदान एक चकती फुगलेली होती. सगळ्या चकत्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के निघाले. माझ्या मते हा आकडा प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी छापायला हवा.

गोळ्यांचे थोडक्यात सांगतो. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात १,६५२ रुग्णांवर पॅरासिटामॉल तपासली. बरे व्हायला गोळी घेणाऱ्यांना साधारण १७ दिवस लागले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांना १६. २०२३ मध्ये अफूवर्गीय औषधेही अशाच नकली गोळीपुढे निष्प्रभ ठरली.

पपईच्या चिकाची कथा जरा वेगळी. त्यातल्या कायमोपॅपेन या विकराचे (एन्झाइमचे) इंजेक्शन देऊन चकतीचा गर विरघळवायचा, ही कल्पना लायमन स्मिथ यांनी १९६३ मध्ये माणसावर वापरली. १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मग काही रुग्णांना जीवघेणी ॲलर्जी झाली, काहींच्या मज्जारज्जूला इजा झाली आणि औषध मागे पडत बाजारातून गेले. कल्पना मात्र टिकली. जपानने २०१८ मध्ये कॉन्डोलिएज या दुसऱ्या विकराला मान्यता दिली.

भारतात औषधांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत २००९ पासून सक्तीची आहे. नवा उपचार कशाशी ताडून पाहणार, हेही तिथे लिहावे लागते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते.

अलीकडची चांगली बातमी चालण्याची आहे. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या चाचणीत, फिजिओच्या मार्गदर्शनाने टप्प्याटप्प्याने चालणे वाढवणाऱ्यांची कंबर पुन्हा दुखायला मध्यक २०८ दिवस (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) लागले. इतरांची ११२ दिवसांत दुखली. घोडबंदर रोडवर गाडीत दोन-दोन तास अडकणाऱ्यांना हे लागू पडावे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधला माथाडी मात्र दिवसभर चालतोच, तेही पाठीवर गोण घेऊन. त्याच्यासाठी प्रश्न गोणीच्या वजनाचा आहे. एका प्रौढ पुरुषाने हाताने उचलायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा असावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच केली होती. गोण ५० किलोच्या वर भरू नका, ही माथाडींची मागणी जुनीच आहे आणि त्यावरून बाजारात काम बंदही पडले आहे.