एक्स्ट्रॅक्टरची झीज (जुन्या लष्करी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली)

एक्स्ट्रॅक्टर म्हणजे बोल्टच्या (हाताने मागे-पुढे सरकवायचा, नळी मागून बंद करणारा दांडा) तोंडाशी असलेली पोलादी नखी, ती काडतुसाची कडा धरते आणि बोल्ट मागे ओढला की रिकामी पुंगळी चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) उपसते. पुंगळी बाहेर भिरकावणं हे इजेक्टरचं काम, दोघांत गल्लत नको.

माउझरची (जर्मन बनावटीची रायफल) लांब नखी नक्की कधीची यावर एकमत नाही. 1889 च्या बेल्जियन मॉडेलमध्ये एक्स्ट्रॅक्टर छोटा होता आणि बोल्टबरोबर फिरायचा. बोल्टच्या अंगाला कडीने धरलेली, न फिरणारी लांब पट्टी साधारण 1892 च्या मॉडेलात आली असं मानतात, काहीजण मात्र 1893 च्या स्पॅनिश रायफलीपासून मोजतात कारण मोठ्या संख्येने तीच बनली. पण रचना आधीच तयार होती, त्यामुळे 1892 जास्त पटतं. 1898 च्या मॉडेलात पट्टीचा ओठ बोल्टच्या तिरप्या खाचेत बसतो, म्हणजे पुंगळी जितकी अडेल तितकी नखी आत दाबली जाते. आता काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट बंद केला तर नखी तुटते का? कोणी म्हणतं लष्करी 98 च्या नखीला काडतुसाच्या कडेवरून उडी मारण्याइतकी मोकळीक दिलेलीच आहे, कोणी म्हणतं टोकाचा टवका उडतो. एखाद्या वेळी चालून जात असेल, रोजची सवय बरी नाही, मॅगझिनमधूनच भरावं.

तपासायच्या आधी रायफल रिकामी आहे ना हे चेंबरमध्ये डोळ्याने बघून आणि बोट घालून खात्री करायची, मग बोल्ट काढायचा. ली-एनफिल्डमध्ये (थ्री नॉट थ्री) नखी बोल्ट हेडमध्ये (बोल्टचं पुढचं टोक) एका स्क्रूवर हलते, तिला छोटी व्ही आकाराची पट्टी-स्प्रिंग दाबते. झाडलेली पुंगळी नखीखाली सरकवून बोल्ट आडवा धरा, पुंगळी तिथेच लटकून राहिली पाहिजे. खाली पडली तर लगेच नवी नखी मागवू नका, आधी नखीखालचा पितळेचा कीस आणि जुनं घट्ट झालेलं ग्रीस काढा, मग स्प्रिंग बदलून बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. पुंगळी बाहेर फेकली जाण्यातही स्प्रिंगच्या याच ताणाचा मोठा वाटा असतो, रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) डाव्या भिंतीतला इजेक्टर स्क्रू नुसता मदतीला, असं बरेच जाणकार धरतात, त्यामुळे स्प्रिंग ढिली झाली की बाहेर पडणंही बिघडतं. नखीची धार भिंगाखाली बघावी, कोपरा गोल होऊन चमकत असेल किंवा टवका गेला असेल तर नखी बाद.

अडलेल्या पुंगळीची कडा बघितली की निम्मं निदान होतं. कडा चावल्यासारखी फाटली असेल तर नखीने धरलं होतं, दोष गंजलेल्या किंवा खडबडीत चेंबरचा. कडा साफ आणि पुंगळी आतच राहिली, तर नखी निसटली.

इशापूरच्या (बंगालमधला रायफल कारखाना) 2ए या ली-एनफिल्डवरून बनलेल्या रायफलीत काडतूस 7.62 मिमीचं, कडा बाहेर न येणारं, म्हणून तिचा एक्स्ट्रॅक्टर बदललेला आहे, .303 ची नखी त्यात बसवू नये. मोसिन-नागांत या रशियन रायफलीची नखी म्हणजे बोल्ट हेडच्या खाचेत ठोकून बसवलेली एकसंध पट्टी, स्प्रिंगचं कामही तीच करते. वारंवार काढघाल केली की खाचेतली पकड जाते, त्यामुळे गरज नसेल तर ती उपटू नये.