खुब्याची झीज: दुखतं कुठे, झिजतं काय

खुबा दुखतोय म्हणून आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणारे बरेच जण कमरेखाली मागच्या बाजूला हात ठेवतात. तिथलं दुखणं बहुतेक वेळा पाठीचं किंवा स्नायूंचं निघतं. खुब्याचा सांधा दुखतो तो मुख्यतः जांघेत. तिथून कळ मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरते. काहींचा तर फक्त गुडघाच दुखतो आणि गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो! म्हणून गुडघ्याची तक्रार असली तरी आम्ही खुबा हलवून बघतोच.

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा (कार्टिलेजचा) थर असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार आला की ती स्पंजासारखी दबते, भार उतरला की सांध्यातला द्रव शोषून घेते, आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. तिच्यात मज्जातंतूही नसतात, त्यामुळे झिजायला लागली तरी सुरुवातीला काही कळत नाही. पुढे थर पातळ होतो, सांध्याचं अस्तर सुजतं, खालच्या हाडावर ताण येतो, कडेला हाडाचे कंगोरे वाढतात. दुखायला लागतं ते तेव्हा.

वय, वजन आणि आनुवंशिकता ही नेहमीची कारणं. पण जन्मतः वाटी उथळ असणं, लहानपणी खुब्याचा आजार होऊन गेलेला असणं, जुनं फ्रॅक्चर, किंवा स्टिरॉइड वा दारूमुळे माथ्याचा रक्तपुरवठा तुटणं, यामुळे तरुणपणीही झीज होते.

पहिली खूण बहुधा मोजे घालताना दिसते. पाय आतल्या बाजूला वळेनासा होतो, नखं कापायला वाकता येत नाही, गाडीतून उतरताना पाय हाताने उचलावा लागतो. सकाळी सांधा आखडतो, पण साधारण ३० मिनिटांच्या आत मोकळा होतो.

दुखतंय म्हणून पूर्ण विश्रांती घेऊ नका, हे आम्ही कळकळीने सांगतो. न हलणाऱ्या सांध्याभोवतीचे स्नायू दुबळे होतात आणि दुखणं वाढतं. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण २.५ पट भार येतो. म्हणजे ५ किलो वजन उतरलं तर दर पावलाला १२ किलोच्या आसपास ओझं कमी होतं. काठी धरायची ती दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण नेमकी उलट धरतात.

व्यायाम आणि औषधं पुरेनाशी झाली, झोपही मोडू लागली, तर सांधेबदल शस्त्रक्रियेचा विचार करावा. एक्स-रे वाईट दिसतो एवढ्यावरून मात्र ठरवू नये. झीज आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही.

पडल्यावर पाय टेकवेनासा झाला किंवा दुखण्यासोबत ताप आला तर आमच्याकडे न येता थेट रुग्णालय गाठा. एरवी येताना जुने एक्स-रे, चालू औषधांची यादी आणि सैल कपडे आणा.