अटेंडंट

अटेंडंट म्हणजे नेमून दिलेल्या जागी हजर राहून एखाद्या व्यक्तीची, यंत्राची किंवा जागेची काळजी घेणारा माणूस. हा इंग्रजी शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. फ्रेंचमध्ये त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ आजही ‘वाट पाहणे’ असा आहे. पूर्वी राजाराणीच्या किंवा उमरावांच्या सोबत असणाऱ्या माणसांना अटेंडंट म्हणत. आता लिफ्ट, पेट्रोल पंप, वाहनतळ, रेल्वेचा डबा, विमान आणि रुग्णालय अशा अनेक ठिकाणच्या नोकऱ्यांना हे नाव आहे.

भारतात रुग्णालयाच्या संदर्भात हा शब्द दोन वेगळ्या माणसांसाठी वापरला जातो. एक पगारी कर्मचारी, म्हणजे वॉर्डबॉय किंवा आया. सरकारी कागदावर ते ‘कक्षसेवक’ असतात आणि वॉर्डात ‘मामा’, ‘मावशी’. दुसरा अटेंडंट म्हणजे रुग्णासोबत राहणारा घरचा माणूस. ब्रिटन-अमेरिकेत अशा नातेवाइकाला साधारणपणे ‘व्हिजिटर’ म्हणतात. आपल्याकडे त्याला पास मिळतो आणि पासासोबत कामही. चिठ्ठी घेऊन औषधं आणायची, रक्तपेढीत धावायचं, बेडपॅन द्यायचं, रात्रभर बाटलीकडे डोळे लावून बसायचं आणि वेळेवर ‘सिस्टर, सलाईन संपत आलंय’ म्हणून हाक मारायची. वॉर्डात मनुष्यबळ कमी असतं तिथे यातला मोठा भाग याच बिनपगारी माणसावर पडतो, पण रुग्णालयाच्या हिशेबात त्याची नोंद कुठेच नसते. झोपायला त्याला कॉटखालची सतरंजी किंवा बाहेरचा व्हरांडा. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या कर्करुग्णांच्या आणि त्यांच्यासोबतच्या माणसांच्या राहण्याची सोय दादरची गाडगे महाराज धर्मशाळा करते. या दुसऱ्या अर्थाच्या अटेंडंटचा विचार करणाऱ्या संस्था फार थोड्या आहेत, म्हणून तिचा उल्लेख आवश्यक वाटतो.

घरी राहून वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही आता अटेंडंट म्हणतात. पुण्या-मुंबईत मुलं परदेशी असलेल्या अनेक घरांत ब्युरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांसाठी असा माणूस ठेवला जातो. बोलताना मात्र ‘आजींसाठी बाई ठेवली आहे’ असंच सांगतात. अंघोळ घालणं, कूस बदलणं, डायपर बदलणं, औषधांच्या वेळा सांभाळणं ही कौशल्याची आणि चिकाटीची कामं आहेत, आणि त्यांना मिळणारी प्रतिष्ठा त्या मानाने फारच कमी आहे.

विमानातील अटेंडंट हा सर्वांत परिचित प्रकार. १९३० साली बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या अमेरिकी कंपनीने एलेन चर्च यांना या कामावर घेतलं; त्या प्रशिक्षित परिचारिका होत्या. पुढे अनेक वर्षं हे काम तरुण, अविवाहित स्त्रियांचंच मानलं गेलं. मराठीतला ‘हवाई सुंदरी’ हा शब्द याच दृष्टीतून आलेला दिसतो. एअर इंडियाच्या नियमांप्रमाणे हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडावी लागे. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने नर्गिस मिर्झा खटल्यात ही अट रद्द केली. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेवली. ‘फ्लाइट अटेंडंट’ या नावात स्त्री-पुरुष भेद नाही आणि रूपाचा उल्लेखही नाही. कायद्याच्या दृष्टीने या कर्मचाऱ्याचं पहिलं काम प्रवाशांची सुरक्षितता हे आहे, खाणं वाढणं त्यानंतर. अनेक देशांत दर ५० आसनांमागे किमान एक अटेंडंट असावा लागतो. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत अपहरणकर्त्यांच्या तावडीतून प्रवाशांना बाहेर काढताना मारल्या गेलेल्या नीरजा भनोत पॅन ॲमच्या विमानात याच सेवेत होत्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं.

रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातला कोच अटेंडंट चादरी, उशी आणि ब्लँकेट देतो, उतरताना मोजून परत घेतो. पहाटे तीनला उतरायचं असलेले प्रवासी ‘भुसावळला उठवा हं’ असं त्यालाच सांगून झोपतात. तो बहुधा रेल्वेचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस असतो.

सरकारी नोकरीत अटेंडंटसाठी ‘परिचर’ हा शब्द रुळला आहे: प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालय परिचर. जिल्हा परिषदेत शिपायाच्या पदाचं नावच परिचर आहे. आरोग्य उपकेंद्रांत अंशकालीन स्त्री परिचर तुटपुंज्या मानधनावर काम करतात. केंद्र सरकारने सहाव्या वेतन आयोगानंतर शिपाई, दफ्तरी, फरास अशी जुनी पदं ‘मल्टी टास्किंग स्टाफ’ या एका नावाखाली आणली.

यंत्रं आली तशी यातली काही कामं आटली. बटणांच्या लिफ्टमुळे लिफ्टमन बहुतेक इमारतींतून गेला. अमेरिकेत वाहनचालक स्वतःच इंधन भरतात. न्यू जर्सी राज्यात मात्र १९४९ पासून त्याला बंदी आहे, तिथे अटेंडंटच नळी धरतो. भारतातल्या पंपांवरही अजून माणूसच पेट्रोल भरतो आणि नळी लावण्याआधी ‘झिरो बघा’ म्हणतो.