संगणकाधारित शालेय दृष्टिचाचणी

शाळकरी मुलांची नजर आणि वाचन-लेखनात अडथळा आणणारे नेत्रदोष संगणकाच्या पडद्यावरील चाचण्यांनी प्राथमिक पातळीवर हेरण्याची पद्धत. ही चाळणी आहे, निदान नव्हे. तीत अडकलेल्या मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणे हा पद्धतीचाच भाग होय.

हेर्मान स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये तयार केलेला अक्षरतक्ता सहा मीटरवरून वाचून घेणे ही शाळांतील रूढ तपासणी. तीत लघुदृष्टी, म्हणजे लांबचे अस्पष्ट दिसणे, चटकन लक्षात येते. परंतु पुस्तक हातभर अंतरावर असते, आणि दीर्घदृष्टी असलेले मूल डोळ्यांवर ताण देऊन लांबचा तक्ता अचूक वाचते, मात्र धडा वाचताना थोड्याच वेळात त्याची अक्षरे पुसट होतात. जवळ पाहताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नसतील, तर एका अक्षराची दोन दिसतात, ओळ सुटते, कपाळ दुखते. असे मूल एक डोळा झाकते, ओळीखाली बोट धरते किंवा वाचन टाळते, आणि त्याच्यावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शिक्का बसतो. एका डोळ्याची मंददृष्टी तर मुलालाही कळत नाही. म्हणून प्रत्येक डोळा वेगळा झाकूनच तपासावा लागतो. वयाच्या सात वर्षांच्या आत सुरू झालेल्या उपचारांना मंददृष्टीत अधिक चांगले यश येते.

पडद्यावर इंग्रजी ‘ई’ चिन्ह चारपैकी एका दिशेला तोंड करून उमटते आणि मूल हाताने दिशा दाखवते. क्रम दर वेळी बदलतो, हा मोठा लाभ आहे, कारण रांगेतील मागची मुले छापील तक्ता ऐकूनच पाठ करतात. दोन्ही डोळ्यांचे सहकार्य पाहण्यासाठी लाल-हिरव्या चष्म्यातून ठिपक्यांत दडलेली आकृती ओळखायला लावतात; बेला युलेश या हंगेरीत जन्मलेल्या संशोधकाने १९६० मध्ये संगणकाच्या साहाय्याने अशा यादृच्छिक ठिपक्यांच्या आकृत्या प्रथम मांडल्या.

चिन्हाच्या मापाची काळजी मात्र हवीच. ६/६ दृष्टीचे, म्हणजे सामान्य नजरेला सहा मीटरवरून ओळखता येणारे, चिन्ह डोळ्यापाशी पाच कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करते. म्हणजे सहा मीटरवर ते सुमारे ८.७ मिमी. आणि तीन मीटरवर सुमारे ४.४ मिमी. उंच असते. पाव मिलिमीटरचा पिक्सेल असलेल्या साध्या लॅपटॉपवर तीन मीटरसाठी जेमतेम सतरा पिक्सेल मिळतात, त्यांत ‘ई’च्या पाच समान पट्ट्या (तीन रेघा आणि दोन फटी) नीट बसत नाहीत, म्हणून सहा मीटर अंतरच बरे. कोकणातील लहान वर्गात तेवढी जागा नसेल, तर लॅपटॉप आत आणि मूल दाराबाहेर पडवीत, अशी मांडणी करता येते. पावसाळ्यात कौलारू वर्ग अंधारतात. तेव्हा छापील तक्त्यापेक्षा स्वयंप्रकाशी पडदा उपयोगी पडतो, फक्त बॅटरी भरलेली असावी आणि दाराचा उजेड काचेवर पडू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये याच किनारपट्टीवरील पालघर येथून झाला. त्याची वैद्यकीय पथके शाळांना वर्षातून एकदा भेट देतात आणि नेत्रदोषही तपासतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्यांत खरी कसोटी त्यानंतर लागते: तालुक्याच्या रुग्णालयात जाण्यासाठी पालकाची दिवसभराची मजुरी बुडते. त्यामुळे चष्म्याच्या नंबराची मोजणी शाळेतच व्हावी, हे पडद्यावरील चाचणीइतकेच महत्त्वाचे ठरते.

वाचन-अक्षमता (डिस्लेक्सिया) ही मुळात भाषेतील ध्वनी हाताळण्यातील अडचण आहे, नेत्रदोष तिचे कारण नव्हे. अमेरिकेतील बालरोग व नेत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये हे संयुक्तपणे स्पष्ट केले. डोळे आत वळवण्याच्या दोषावर तज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायाम गुणकारी ठरतात, असे २००८ च्या अमेरिकी चाचणीत दिसले; २०१९ च्या पुढील चाचणीत मात्र त्या व्यायामांनी वाचन-आकलन तुलनेसाठी दिलेल्या लुटुपुटीच्या उपचारापेक्षा अधिक सुधारले नाही. म्हणून चष्मा वा व्यायाम मिळूनही वाचन अडखळत राहिल्यास मुलाची भाषिक तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी लागते.