मे महिन्यातली जाळी: एक पदर की चार?

एप्रिल लागला की मोबाइलवर एक सल्ला दरवर्षी फिरतो: उन्हाळ्यात जाळीदार, मोकळं विणलेलं कापड वापरा, त्यातून हवा खेळते आणि अंग गार राहतं. वर्धा-यवतमाळकडच्या गावांत दुपारी ओसरीत बसून क्रोशाचं विणकाम करणाऱ्या बायकाही हेच सांगतात. "जायीतून वारं येते, मंग थंड लागते नं बाई." तोरणं आणि रुमाल विणणारे हे हात सुती दोऱ्याचे हलके, लेससारखे दुपट्टेही विणतात. मला ते मनापासून आवडतात. पण वरचा सल्ला अर्धाच खरा आहे आणि नेमका विदर्भातल्या मे महिन्यात तो उलटा पडतो. तो का उलटतो हे कळलं तर तोच दुपट्टा फार कामाचा ठरतो.

आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४४ अंशांवर गेली की हिशेब फिरतो, कारण उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमीकडे जाते. मग प्रत्येक झुळूक अंगाला उष्णता देऊन जाते. अकोला, नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरी इथे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जाणं नवलाचं नाही. ४० अंशांच्या वर नुसत्या पंख्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेही याच कारणाने.

यावर कोणी म्हणेल की वाऱ्याने घाम वाळतो आणि घाम वाळला की गार वाटतं. बरोबर आहे. एक ग्रॅम घामाची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते आणि ती मुख्यतः त्वचेतूनच काढून घेतली जाते. इतक्या उन्हात शरीराकडे उष्णता बाहेर टाकायचा हा एकच मार्ग उरतो. पण घाम किती वेगाने वाळेल हे कशावर ठरतं, ते नीट पाहायला हवं. इथेच कोकण आणि विदर्भ वेगळे होतात.

कोकणात हवेत आधीच भरपूर बाष्प असतं. घाम येतो आणि वाळत नाही, अंगावरून ओघळतो. अडचण असते ती बाष्प अंगापासून दूर नेण्याची. तिथे मोकळी जाळी खरंच मदत करते: कातडीलगतची ओली हवा हलते आणि तिच्या जागी थोडी कोरडी हवा येते. विदर्भात मेच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते. तेंदूपत्ता तोडून आलेल्या माणसाच्या अंगावर घाम दिसत नाही, सदऱ्यावर मिठाचे पांढरे वळ दिसतात. घाम आलाच नाही असं नव्हे, तो आला तसा वाळला. शरीर जितका घाम देतं तितका सगळा लगेच उडून जातो. मग वारा वाढवून काय साधणार? वाळायला जास्तीचा घामच नाही. वाढते ती फक्त गरम हवेकडून अंगात येणारी उष्णता. कोकणात अडथळा हवेचा आहे, विदर्भात अडथळा पाण्याचा. "जाळी म्हणजे गारवा" हा सल्ला समुद्राकाठचा आहे.

म्हणून तर आपल्याकडे कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडलं की गरम कोरडी हवा त्यातून जाताना पाण्याला उष्णता देते आणि स्वतः थंड होते. थर्मामीटरच्या टोकाला ओला फडका गुंडाळून वारा घातला की तो ज्या अंशांवर स्थिरावतो त्याला ओल्या बल्बचं तापमान म्हणतात. ४४ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर हे तापमान सुमारे २५ अंश निघतं. पाऊस पडून गेल्यावरच्या ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या दमट दिवशी ते सुमारे २९ निघतं. म्हणजे सावलीतली, वाऱ्यावरची ओली वस्तू त्या कमी तापमानाच्या दिवसापेक्षा भाजणाऱ्या मे महिन्यात अधिक थंड होऊ शकते! उकाड्याची नुसती अंशांतली आकडेवारी वाचणाऱ्यांनी हे एकदा मांडून पाहावं.

आता उन्हाकडे येऊ, कारण दुपट्ट्याचं पहिलं काम सावलीचं आहे. निरभ्र आकाशात सूर्य डोक्यावर असताना जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. नेहमीची साधी जाळी घ्या: एक खांब (उभा टाका), दोन साखळ्या (साखळीचे टाके), पुन्हा खांब. विसाव्या नंबरच्या बारीक दोऱ्यात ती विणली तर निम्म्याच्या आसपास क्षेत्र भोकांचं असतं. म्हणजे एका पदरातून निम्मं ऊन थेट आत येतं. अतिनील किरणांचं गणितही तेच. कापडाचा संरक्षण-अंक, म्हणजे अतिनील किरणं किती पटीने कमी झाली तो आकडा, अशा जाळीला दोनाच्या वर जाऊच शकत नाही, दोरा कितीही उत्तम असो.

सूर्य डोक्यावर येतो त्या दिवसांना आपल्याकडे नवतपा म्हणतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नऊ दिवस आग पडते, असं पंचांगाच्या हवाल्याने सांगितलं जातं. तो काळ साधारण २५ मेला सुरू होतो. रोहिणीच्या ताऱ्यांचा या उष्णतेशी काहीही संबंध नाही. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिथे सूर्य बरोबर माथ्यावरून जातो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आकाश कोरडं असतं, पाऊस आलेला नसतो. कारण एवढंच. नक्षत्रांवर आधारलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं असल्यामुळे सूर्याचा रोहिणीप्रवेश दर ७१-७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो. आणखी दोन हजार वर्षांनी नवतपा जूनच्या चौथ्या आठवड्यात, ऐन पेरणीच्या पावसात येईल. तेव्हाही तो तापेल असं मानायचं का? खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हाही असाच समज. खिशातला कांदा शरीराचं तापमान बदलू शकत नाही. उन्हात कोणी बरळू लागलं, अंग भाजत असेल तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि दवाखान्यात न्या.

जाळीच्या दृष्टीने हे माथ्यावरचं ऊन सगळ्यात वाईट. सकाळी किरणं तिरपी येतात तेव्हा दोऱ्याच्या जाडीमुळे भोकं अरुंद होतात आणि बरंच ऊन अडतं. दुपारी डोक्यावर आणि खांद्यांवर ती सरळ उभी उतरतात आणि भोक पुरतं उघडं सापडतं.

मग उपाय काय? घट्ट विणायचं? नाही, घडी घालायची. मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे. दुपट्टा दुहेरी केला की वरच्या भोकातून आलेल्या किरणापुढे खाली कधी भोक येतं, कधी दोरा. हाताने घातलेल्या घडीत भोकं एकमेकांवर नेमकी बसत नाहीत, म्हणून शक्यतांचा गुणाकार होतो. एका पदरातून ५० टक्के, दोनांतून २५, तिनांतून साडेबारा, चारांतून सव्वासहा टक्के. चौरस मीटरला पाचशे वॅट येत होते तिथे साठ-बासष्ट येतात. संरक्षण-अंक दोनावरून सोळावर जातो. हवेचं मात्र असं होत नाही. प्रत्येक पदर हवेला थोडा अडथळा करतो आणि अडथळ्यांची बेरीज होते, गुणाकार नव्हे. चार पदरांत अडथळा चौपट होतो. त्यातून हवा हळू झिरपत असेल तर प्रवाह एक चतुर्थांश होतो. मोठ्या भोकांतून ती जोरात जात असेल तर दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होतो, म्हणून प्रवाह निम्म्यावरच थांबतो. ऊन आठपट घटलं आणि हवा दोन ते चार पट. गुणाकार आणि बेरीज यांच्यातल्या या फरकामुळे एका घट्ट कापडापेक्षा चार पदरी जाळी वेगळी वागते: सावली दाट आणि तरी वाफेला वाट मोकळी. (सुती दोऱ्यातूनही थोडा प्रकाश झिरपतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे याहून थोडे वाईट येतात.)

आता हा चार पदरी दुपट्टा भिजवा आणि पिळून डोक्यामानेवर घ्या. दुपट्टा शंभर ग्रॅमचा धरला तर सुती दोरा पिळल्यावरही जवळपास स्वतःच्या वजनाइतकं पाणी धरतो. तेवढं पाणी उडायला अडीच लाख ज्यूलच्या आसपास उष्णता लागते. तासाभरात वाळलं तर हा दर सत्तर वॅटच्या जवळ जातो. निवांत बसलेलं शरीर सुमारे शंभर वॅट उष्णता तयार करतं, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं मोल कळतं. सगळी उष्णता मानेतून निघत नाही, बरीचशी गरम हवेतून आणि उन्हातून घेतली जाते. पण तीही अंगापर्यंत पोचायच्या आतच खर्ची पडते, हा फायदाच. एक पथ्य आहे. ओलं पांढरं सूत अधिक पारदर्शक होतं, कारण तंतूंमधल्या हवेची जागा पाणी घेतं आणि प्रकाश कमी विखुरतो. म्हणून भिजवलात तर एक पदर जास्त घ्या.

यासाठी दोरा सुतीच हवा. तालुक्याच्या बाजारात "लोकर" म्हणून मिळणारे रंगीत गुंडे बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. साधारण हवामानात कापूस स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम अर्धा टक्का. "कूलिंग" असा शिक्का मारलेल्या पॉलिस्टरच्या स्कार्फला पैसे देण्याआधी हे आठवा. शंका असेल तर दोऱ्याचा तुकडा जाळून पाहा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख सोडतं, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. क्रोशाच्या चमकदार दोऱ्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेली असते. जॉन मर्सरने १८४४ मध्ये ती शोधली. तिच्यामुळे तंतूचा चपटा, पिळदार आकार फुगून गोल होतो आणि तो पाणीही जास्त शोषतो.

विणताना दोऱ्याच्या मानाने सुई थोडी मोठी घ्या. विसाव्या नंबरला दोन ते अडीच मिलिमीटरची चालेल. पन्ना साठ सेंटिमीटर आणि लांबी दोन मीटरच्या आसपास ठेवा, म्हणजे चार पदर करूनही डोकं आणि मान झाकेल. विणून झाला की दुपट्टा गोळा झालेला, आक्रसलेला दिसतो. तो भिजवून चादरीवर ताणा, कडेने टाचण्या लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका. कापसातल्या सेल्युलोजच्या लांब रेणूंना हायड्रोजन बंध एकमेकांशी बांधून ठेवतात. पाणी शिरलं की ते सुटतात, रेणू ताणाप्रमाणे सरकतात आणि पाणी गेल्यावर नव्या जागी पुन्हा बांधले जातात. जाळी उघडी राहते ती त्यामुळे. पुढच्या धुण्यात हे बंध पुन्हा सुटणार, म्हणून तेव्हा पुन्हा ताणून वाळवा.

मृगाचा पाऊस पडून हवेत दमटपणा आला की घडी मोडा. तेव्हा ढगांमुळे सावली आयती मिळते, घाम वाळेनासा होतो आणि मोबाइलवरचा तो सल्ला आपल्याकडेही लागू पडतो: दुपट्टा एकपदरी आणि कोरडा, खांद्यावर सैल सोडलेला. त्या दिवसांत भिजवलेले चार पदर मानेवर घेतले तर ते वाळतच नाहीत, आणि खालच्या घामाचीही वाट अडते.