फुकटचा ऑनलाइन फॉर्म आला कुठून, थोडी पार्श्वभूमी

माजी विद्यार्थी मेळावा जवळ आला की आमच्या ग्रुपवर दरवर्षी एकच प्रश्न, नावं गोळा करायला फुकटचा फॉर्म कुठला घ्यायचा. आधी आम्ही व्हॉट्सॲपवर यादीच फिरवायचो, कॉपी करायची, खाली आपलं नाव घालायचं, पुढं पाठवायची. दोघांनी एकाच वेळी घातलं की एकाचं नाव गायब, आणि आमच्या बेळगाव भागातल्या टिळकवाडी, येळ्ळूर, खानापूर अशा तिघांकडं तीन वेगळ्या याद्या. मग फॉर्मवर आलो, तिथंही घोळ झाला, म्हणून यंदा हे फॉर्म आले कुठून ते जरा मागं जाऊन बघितलं.

वेबपेजवर चौकटी भरून माहिती पाठवायची सोय १९९३ च्या सुमारास मोझॅक ब्राउझरमधून लोकांपर्यंत आली, १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये, म्हणजे वेबपेज लिहायच्या भाषेच्या त्या आवृत्तीत, ती रीतसर नियमात बसली. पण नुसता फॉर्म दिसून काय उपयोग, पलीकडं सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट जिथं ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरवर, ते घ्यायला प्रोग्रॅम लागायचा. मॅट राइट या प्रोग्रॅमरचा फॉर्ममेल हा तसला प्रोग्रॅम १९९५ चाच, फुकट, भरलेलं सगळं ईमेलवर पाठवायचा. लोकांनी भरपूर वापरला, स्पॅमवाल्यांनीही. पण ईमेल आले तरी यादी हातानंच करायची, म्हणजे निम्मं काम तसंच राहायचं.

१९९९ मध्ये सर्व्हेमंकी ही ऑनलाइन फॉर्म बनवून देणारी वेबसाइट आली, थोडं फुकट आणि पुढं पैसे. २००६ मध्ये तसल्याच जॉटफॉर्म आणि वुफू. माझ्या मते खरा बदल मात्र फेब्रुवारी २००८ चा, तेव्हा गूगलनं आपल्या स्प्रेडशीटला फॉर्म जोडला. कुणी उत्तर भरलं की शीटमध्ये आपोआप एक ओळ वाढते, एवढीच गोष्ट, पण मेळाव्याची यादी करणाऱ्याला विचारा तिची किंमत.

फुकटाला मर्यादा का असतात तेही इथंच कळतं. ज्या कंपनीचा धंदाच फॉर्मचा आहे तिला कुठंतरी अडवावंच लागतं, म्हणून टाइपफॉर्म, जॉटफॉर्म यांच्या फुकट प्लॅनमध्ये महिन्याला ठरावीकच उत्तरं. गूगलचा पैसा दुसरीकडून येतो म्हणून तिथं तशी अडवणूक नाही, फक्त फोटो किंवा दाखला अपलोड करायला लावलात तर भरणाऱ्याला लॉगिन करावं लागतं आणि वयस्कर मंडळी तिथंच थांबतात.

आपल्या भागाला दोन गोष्टी जास्त लागू पडतात. लाइमसर्व्हे हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, २००३ मध्ये पीएचपीसर्व्हेअर या नावानं सुरू झालेलं, त्यात एकच फॉर्म मराठीत आणि कन्नडमध्ये देता येतो, भरणारा आपली भाषा निवडतो. बेळगावात ही सोय केवढी कामाची! उत्तरांच्या मर्यादेशिवाय फुकट वापरायचं तर स्वतःचा सर्व्हर लागतो, तेवढं अवघड. दुसरं ओडीके हे मोबाइलवर माहिती गोळा करायचं सॉफ्टवेअर, २००८ च्या सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं, नेटवर्क नसताना मोबाइलवर भरायचं आणि रेंज आली की पाठवायचं. जांबोटी-कणकुंबीकडं घरोघरी जाऊन माहिती घेणार असाल तर हेच बघा.

आणखी एक, मराठी अक्षरं. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना कॉम्प्युटरवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, १९९१ पासून आहे, फॉर्ममध्ये नावं नीट येतात, पण उत्तरांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) डाउनलोड करून थेट एक्सेलमध्ये उघडली की कधीकधी सगळी चिन्हंच चिन्हं दिसतात. डेटा गेलेला नसतो, घाबरू नका, इम्पोर्ट करताना यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत निवडली की नावं परत येतात.

आमचा मोठा घोळ मात्र टूलचा नव्हताच. फॉर्म एका पोराच्या स्वतःच्या खात्यावर होता, तो नोकरीला पुण्याला गेला, नंबर बदलला, पासवर्ड विसरला, आणि तीन वर्षांचे पत्ते तिथंच अडकले. ज्याच्या खात्यात शीट, त्याच्याच हातात यादी, हे आम्हाला तेव्हा सुचलंच नाही. यंदा गूगलचाच फॉर्म घेतलाय, पण मंडळाच्या नावानं वेगळं खातं काढून, आणि पासवर्ड सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांच्या वहीत लिहून ठेवलाय.